सांबरटेकावरचं उघडं दार

वेळवंडीच्या खोऱ्यात सावळा दिसला की बायका दारं ओढून घेत. वाघ आला तर माणूस ओरडतो, अंमलदार आला तर उठून उभा राहतो. सावळा आला की मात्र कुणी काही न बोलता आत जाई आणि आतून कडी लागे. अशी वागणूक मिळवायला सावळ्यानं केलं काय होतं, तर घरांची चित्रं काढली होती.

तो मूळचा उत्रोलीचा. घरी भाताची खाचरं आणि त्यात राबायला त्याच्याहून धट्टेकट्टे भाऊ, त्यामुळे भोरच्या शाळेत चार यत्ता करून घेण्याइतकी सवड त्याला मिळाली. भाटघरला जुनं धरण होतंच. त्याच्या पुढ्यात नवं, कितीतरी उंच धरण बांधायचं काम निघालं, तेव्हा तो मोजणीची साखळी ओढायला लागला. पुढे कुणाच्या तरी ध्यानात आलं की या माणसाचं अक्षर वाचवत नाही, बेरीज चुकते, पण रेघेच्या आत रंग भरायला सांगितला तर तो रेघेबाहेर जात नाही. एवढ्या एका गुणावर त्याला कचेरीत नकाशे रंगवायला बसवलं. लोक त्याला 'नकाशे' म्हणू लागले, आणि खरं आडनाव देवाला आणि बायकोला तेवढं ठाऊक राहिलं.

नकाशाचा नियम सोपा होता. जे घर राहणार ते राखी, जे पाण्याखाली जाणार ते पिवळं. सावळ्याच्या वाट्याला राखी रंग फारसा आला नाही.

दिवसभर तो पिवळे चौकोन भरी. अडचण अशी की साखळी ओढत तो या चौकोनांच्या ओट्यांवर पाणी प्यायला होता. नखाएवढा हा चौकोन म्हणजे छपरावर दुधी भोपळा चढलेलं घर, आणि शेजारचा म्हणजे पडवीत म्हातारा खोकत बसायचा ते, हे त्याला माहीत होतं. नकाशाला माहीत नव्हतं. नकाशात दोन्ही सारखीच पिवळी. मग कामाच्या उरल्या कागदांचे तुकडे आणि बशीत राहिलेले रंग घेऊन तो सुट्टीच्या दिवशी खोऱ्यात जाऊ लागला, आणि एकेक घर जसं होतं तसं काढू लागला. का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. सुदैवानं कुणी विचारलं नाही. लोकांनी स्वतःच उत्तर शोधून काढलं.

उत्तर असं होतं, की आधी हा येतो, डोळे बारीक करून घराकडे बघतो, कागद रंगवतो आणि निघून जातो. एक-दोन पावसाळे सरतात आणि त्या घरात पाणी येतं. क्रम बिनचूक होता. यात धरणाचाही काही हात असावा असं म्हणायला जागा होती, पण धरण चार कोसांवर होतं आणि सावळा दारात होता. "माझ्या चितरानं काय व्हत न्हाई वो," असं तो प्रत्येक ओट्यावर सांगे. लोक मान डोलावत आणि दार लावून घेत. म्हणून सावळ्याच्या चित्रांत एक विशेष आढळतो. छप्पर आहे, पडवी आहे, भिंतीवरचा शेणाचा हात आहे, वेलीचं पान न् पान आहे. दार मात्र प्रत्येक घराचं बंद आहे. त्याला दिसलं तसं त्यानं काढलं.

खोऱ्याच्या मध्यावर सांबरटेक नावाचं टेकाड होतं. जुन्या धरणाच्या पाण्यानं त्याचं बेट केलं होतं: पावसाळ्यात चढायचं, उन्हाळ्यात पुन्हा कोरड्या पायांनी उतरायचं. दोन पिढ्या तिथली माणसं अशी अर्धं वर्ष बेटावर आणि अर्धं वर्ष डोंगरावर राहिली होती, आणि त्यांची घरंही त्याला सरावली होती. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्याला शेणमातीचा गिलावा, वर गवताचं छप्पर. टेकाडावर वाऱ्याला अडवायला दुसरं काही नसल्यानं छपराची वळचण इतकी खाली आणलेली, की पाहुणा कितीही मोठा असला तरी त्याला वाकूनच आत यावं लागे. सगळ्या घरांची तोंडं होडी लागायच्या बाजूला. कोण येतंय हे चुलीपुढून दिसायला हवं.

नव्या धरणाच्या नकाशात हे टेकाड पिवळं होतं. सावळ्यानंच रंगवलं होतं.

सत्तावीस सालच्या उन्हाळ्यात तिथल्या घरांनी आपापली आढी उतरवली. छपराच्या माथ्यावरचं ते आडवं लाकूड आधी उतरवायचं, मग वासे, शेवटी ज्याच्या बुडाशी घरचे देव असतात ती मधली मेढ उपटायची, आणि सगळं नव्या जागी त्याच क्रमानं पुन्हा उभारायचं. मेढ आली की घर आलं. भिंती काय, कुठल्याही मातीच्या होतात. अशी सगळी घरं काठावर गेली. राहिलं ते एक साळूबाईचं.

साळूबाईला घर सोडायचं नव्हतं असं नाही. अडलं होतं ते सुनेपाशी. बनाबाई पोटुशी होती, आणि सांबरटेकावर अशी चाल होती की घरात बाई अवघडलेली असताना घरच्या-बाहेरच्या कुणीच आढ्याला हात लावायचा नाही. बाई माहेरी असो की आणखी कुठं, चाल तीच. आढं उतरलं तर मूल कशाच्या आधारानं उतरेल, असा त्यामागचा विचार. आषाढाच्या आत ती मोकळी होईल असं सुईणीनं सांगितलं, साऱ्यांनी तसं धरलं. आधी मूल, मग आढं, मग पाणी असा बेत होता. आषाढ गेला. पाणी सगळ्यांच्या आधी आलं.

श्रावणातल्या एका सकाळी कोंडिबा होडीवाला भाटघरला सावळ्याच्या खोलीपुढं येऊन उभा राहिला. अंगावरच्या घोंगडीतून पाणी गळत होतं.

"नकाशे, रंग घ्या नि चला."

"कुठं?"

"टेकावर. साळूबाईनं बोलावलंय. घर काडायला."

सावळ्याला ही थट्टा वाटली. "मागल्या खेपंला गेलो तवा तिनं शेन फेकून मारलं हुतं."

"आज मारायला शेन न्हाई. जनावरं कवाच पलीकडं गेली." कोंडिबानं तोंडावरचं पाणी निपटलं. "पानी अंगनाच्या खालच्या उंबराच्या झाडाला लागलंय. संध्याकाळच्या आत टेकाड ऱ्हात न्हाई. आन म्हातारी म्हनती, नकाशे आल्याबिगर हलनार न्हाई. गेनूनं पाया पडून बगितलं. म्याबी."

"बनाबाई?"

"तितंच हाय की. सासूला सोडून न्हाई जात म्हनती. दोगी येकाच मातीच्या."

सावळ्यानं रंगाच्या वड्या, बशा, कुंचले आणि एकच चांगला कागद मेणकापडात गुंडाळला.

काठापासून टेकाडापर्यंत कोंडिबानं जाड दोर बांधला होता. तो धरून होडी ओढायची. पाणी तांबडं, वर उपटलेली झुडपं फिरत होती. मध्यावर एक अख्खं झाड सरळ होडीवर आलं. कोंडिबानं दोर सोडून बांबू घेतला, झाड रेटलं, होडी एका अंगाला झुकली आणि सावळा मेणकापड छातीशी धरून तळाशी बसला.

"त्यात काय हाय एवडं?"

"कागद."

"भिजला तर?"

"वाया गेला."

"आन तुमी भिजला तर?"

"म्या वाळतो."

"मंग कागद मदी ठेवा आन तुमी कडंला सरका," कोंडिबा म्हणाला.

साळूबाई पडवीतच उभी होती. काळीसावळी, काटक, नऊवारीचा काष्टा गुडघ्यावर खोचलेला. तिचा मुलगा गेनू अंगणाच्या टोकाला पाण्याच्या कडेला काठी रोवत होता. त्याआधी रोवलेल्या काठीचं टोक पाण्याबाहेर दिसत होतं.

"आलात? बरं झालं," साळूबाई म्हणाली. "घर काडा."

"मावशी, ह्या पावसात चितर कसलं काडायचं? आदी बनाबाईला पलीकडं न्या. घराचं पुडं बगू."

"पुडं काय बगनार? मासं?" ती पडवीच्या खांबाला टेकली. "ह्ये बगा नकाशे. सून अवघडल्याली हाय. कुनाचाबी हात आढ्याला लागायचा न्हाई. आन आढं चढल्यालं घर तसंच पान्यात सोडायचं, म्हंजी जित्या मानसाला बुडवायचं. त्येबी व्हनार न्हाई. मंग घर हितनं जायाचं कसं?"

सावळ्यानं वर आढ्याकडं पाहिलं.

"तुमी ज्याचं घर काडता त्याचं घर जातं. आख्ख्या खोऱ्याला ठावं हाय. मंग माजं घर काडा. कागदावर घ्या. त्ये गेलं, की हितं ऱ्हाईल ते निस्तं लाकूड. लाकडाला हात लावायला बंदी न्हाई."

युक्तिवादात खोट काढायची म्हटली तर कुठून सुरुवात करावी, हे एखाद्या शास्त्र्यालाही कळलं नसतं. सावळा तर चारच यत्ता शिकलेला. तो सवयीनं म्हणाला, "मावशी, माझ्या चितरानं काय व्हत न्हाई वो. किती वर्सं सांगतोय…"

"म्हाईत हाय. आजच्या दिस सांगू नका."

यात सावळ्याची खरी अडचण होती. खोऱ्यात आठ वर्षं तो एकच गोष्ट बोलत आला होता, आणि तीही कुणी मानली नव्हती. आज कुंचला उचलला की ती गोष्ट त्यानं स्वतःच मोडली असं होणार. तळाला गेलेलं एकेक घर आपल्या रंगानं गेलं, असं साळूबाईच्या पडवीत बसून कबूल केल्यासारखं. उद्या कोंडिबा प्रत्येक फेरीत हेच सांगणार. आणि नाही उचलला तर पाणी यायचं काही थांबणार नव्हतं.

आतून बनाबाईचा आवाज आला. ती मेढीला पाठ लावून बसली होती, दोन्ही हात मागं घेऊन मेढ धरलेली. "काडा की वो दादा," ती म्हणाली. "न्हाईतर ह्या बसतील हितंच. आन माझ्यानं आता लई येळ बसवत न्हाई."

सावळ्यानं मेणकापड सोडलं.

घरासमोर गोठ्याचं अर्धं छप्पर शिल्लक होतं, त्याच्या खाली तो बसला. पाणी हवं होतं ते गेनूनं करवंटीत दिलं. त्या दिवशी टेकाडावर दुसरं काहीही मागितलं असतं तर मिळालं नसतं. जलरंगाचं काम म्हणजे एक हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसरा. उन्हाळ्यात पान चघळून होईतो हात वाळतो. श्रावणात टेकाडावर तो वाळतच नाही. सावळ्यानं छपराचा पहिला हात दिला, थांबला, फुंकर घातली, बोट लावून पाहिलं. बोट ओलं झालं.

"झालं का?" पडवीतून साळूबाई.

"वाळू द्या की."

"पानी वाळंपतूर थांबनार हाय का?"

मग चुलीची आठवण झाली. कागद आडवा धरून तो आत न्यायचा, निखाऱ्यावर फिरवायचा, वाफ गेली की पळत बाहेर आणायचा. जळणाची फाटी आधीच पलीकडं गेली होती, तेव्हा गेनूनं गोठ्याचा कूड मोडायला घेतला. बाहेरच्या काठ्या ओल्या, नुसता धूर. आतल्या तेवढ्या पेटत. सावळ्याच्या डोक्यावरचं छप्पर ज्या काठ्यांवर होतं त्यांनाच गेनूचा हात लागला तेव्हा सावळा म्हणाला, "ह्या ऱ्हाऊ द्या." "चितर वाळवायचं का तुमाला?" गेनूनं विचारलं. त्यानं कडेच्या दोन काठ्या काढून नेल्या, छप्पर कललं, आणि सावळ्यानं कागदावर आडवं होऊन काम चालू ठेवलं. पाठीवर पाऊस पडत होता.

घराचं चित्र वाळवायला घराचा गोठा जळत होता. यात काही विचित्र आहे असं तिथं कुणाला वाटलं नाही.

वळचणीची सावली झाली. भिंतीचा गेरू झाला. होडीजवळून कोंडिबा ओरडला, "उंबर गेला!" कुणी मागं वळून पाहिलं नाही. गेनूनं नवी काठी अंगणाच्या अलीकडं रोवली. आत बनाबाई एकदा जोरात कण्हली आणि मग मुद्दाम खोकली, जणू ती पहिल्यापासून खोकतच होती. साळूबाईनं आत डोकावून पाहिलं, बाहेर आली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज उतरला.

"नकाशे. हात उचला वो."

सावळ्यानं दार काढलं, चौकट काढली, आणि कागद निखाऱ्यावर फिरवून तिच्यापुढं धरला. "झालं, मावशी."

साळूबाईनं कागद उजेडाकडं केला. छपरावर बोट फिरवायला गेली आणि न टेकवताच फिरवलं. आढं बघितलं, पडवी बघितली. मग तिचं बोट थांबलं.

"दार लावलंय की."

सावळ्यानं समोर पाहिलं. समोरचं दार सताड उघडं होतं. सकाळपासून ते उघडंच होतं. त्याच दारातून तो कागद घेऊन आत-बाहेर पळत होता. पण आठ वर्षं त्यानं एकही उघडं दार पाहिलं नव्हतं, आणि हाताला जे ठाऊक होतं ते हातानं काढलं होतं.

"सवय," तो म्हणाला.

"दार बंद, मंग आतली मेढ कुठं हाय? देव कुठं हायती? निस्तं छप्पार नेलंत तुमी. मेढ हितंच ऱ्हायली की वो!" साळूबाईनं कागद त्याच्या हातात परत दिला. "न्हाई. आसं न्हाई चालायचं. आढ्याला हात लावू नगस, गेनू."

गेनू आढ्याखाली दोर घेऊन उभा होता. त्यानं दोर खाली टाकला. "आये, पानी अंगनात आलं."

खरंच आलं होतं. लाल पाण्याची एक पातळ जीभ गोठ्याच्या खांबाला वळसा घालून सावळ्याच्या बशांपर्यंत पोचली होती, आणि एक बशी हलकेच तरंगू लागली होती.

जलरंगात अंधार वाढवता येतो, उजेड परत आणता येत नाही. बंद दारावर काळसर हात दिला की दार उघडल्यासारखं होईल, एवढं सोपं होतं. पण त्या काळोखात उभी मेढ दाखवायची तर ती उजळ हवी, आणि उजळ म्हणजे कागदाचा स्वतःचा पांढरा, जो आता दोन रंगांच्या खाली गेला होता. एकच उपाय होता: टोकानं खरवडायचं. ओला कागद खरवडला की लोळा होऊन फाटतो. खडखडीत वाळलेला असेल तरच रेघ निघते.

"सुरी आना," सावळा म्हणाला, "आन जाळ करा."

जाळायला आता फक्त त्याच्या डोक्यावरचं छप्पर तोलणाऱ्या उरलेल्या काठ्या होत्या. गेनूनं त्या उपटल्या. छप्पर बसलं; सावळा त्याच्या आधीच उठून घरात गेला होता. चुलीपुढं उकिडवं बसून त्यानं दारावर काळा-निळा हात दिला आणि कागद निखाऱ्यावर धरला. एवढ्या जवळ, की कड तपकिरी पडू लागली. दोन हातांच्या अंतरावर बनाबाई मेढ धरून बसली होती. तिला कळ आली की तिची बोटं मेढीवर आवळत आणि सावळा नजर काढून कागदाकडं लावी; कळ गेली की तो पुन्हा मेढीकडं बघे. बोटं, गाठ, बुडाशी देवांचे टाक, हळदीचे जुने पट्टे.

"दादा," ती दातांतून म्हणाली, "वाळलं का?"

त्यानं कागद गालाला लावून बघितला. गार लागला. "अजून न्हाई."

उंबऱ्यावरून पाणी आत आलं. साळूबाईनं फडक्यानं ते परत लोटलं, जसं कुत्रं हाकलावं.

"वाळलं का?"

त्यानं पुन्हा गालाला लावला. ऊन लागला. सावळ्यानं श्वास धरला, सुरीचं टोक दाराच्या काळोखात टेकवलं आणि एकदाच, वरून खाली, खरवडलं. रंगाची भुकटी उडाली. कागद फाटला नाही. काळ्या दारात एक पांढरी उभी रेघ राहिली.

साळूबाईनं वाकून पाहिलं. बराच वेळ, म्हणजे त्या वेळेला परवडेल त्याहून बराच वेळ. मग तिनं मेढीच्या बुडाची हळद बोटाला घेतली आणि कागदावरच्या त्या रेघेच्या पायाशी टेकवली.

"हां," ती म्हणाली. "आली."

कचेरीच्या नियमानं पिवळं म्हणजे गेलेलं. साळूबाईला हा नियम कुणी सांगितला नव्हता.

पुढचं भराभर झालं. पहिल्या फेरीला कोण, यावर साळूबाईनं शंका ठेवली नाही. "आदी घर जाईल, मंग लाकूड." घर बनाबाईच्या मांडीवर ठेवलं, वरून इरलं धरायला सावळ्याला बसवलं. होडी सुटली तेव्हा मागं गेनूनं आढ्याला दोर लावला. साळूबाईनं घराकडं पाठ केली. आढं खाली आल्याचा आवाज झाला तेव्हा होडी मध्यावर होती. बनाबाईनं डोळे मिटले आणि एक हात पोटावर, एक हात कागदावर ठेवला.

त्याच वेळी पाण्यातलं एक खोड दोराला अडकलं. होडी थांबली, आडवी झाली, आणि कडेवरून पाणी आत येऊ लागलं. कोंडिबा शिव्या देत बांबूनं खोड ढकलू लागला. "नकाशे, कागद सोडा आन दोर वडा!"

सावळ्याच्या एका हातात इरलं होतं. त्यानं बनाबाईकडं बघितलं. तिनं होकाराची मान हलवली. त्यानं इरलं तिच्या डोक्यावर टाकलं आणि दोन्ही हातांनी दोर ओढला. खोड सुटलं. होडी सरळ झाली. या सगळ्यात इरल्याच्या कडेवरून एकच थेंब घरंगळला आणि कागदावर पडला: आढ्याच्या डाव्या अंगाला, छपरावर. रंग तिथं फुलासारखा फाकला.

"मला न्हाई दिसला," बनाबाई म्हणाली. ती तशी मनानं चांगली होती.

मूल काठावर, कोंडिबाच्या गोठ्यात झालं. मुलगी. नाव कमळा ठेवलं. शेवटच्या फेरीला साळूबाई मेढ आडवी घेऊन होडीत बसून आली, वासे मागं दोराला बांधून पाण्यातून ओढत आणले. संध्याकाळी टेकाड दिसत नव्हतं.

नवं घर वरच्या अंगाला, पाण्यापासून दूर, त्याच मेढीवर उभं राहिलं. पहिल्याच पावसात ते आढ्याच्या डाव्या अंगाला गळलं. साळूबाईनं चित्र बघितलं होतं. "नकाशेचा थेंब," ती म्हणाली. गेनूनं सांगितलं की पाण्यातून ओढताना एक वासा वाकलाय, गवत तिथं बसत नाही. त्यानं गवत बदललं, पुढं ऐपत आल्यावर नळीची कौलं घातली. गळतंच राहिलं. साळूबाईच्या मते वाशाचा काही संबंध नव्हता. चित्र तिनं सावळ्याकडंच ठेवायला दिलं. आत एक घर असलेल्या कागदाला दुसऱ्या घरात ठेवायचं नाही, हेही तिनंच ठरवलं.

धरण पुरं झालं, कचेरी उठली, सावळा उत्रोलीला परतला. सगळी चित्रं त्यानं पत्र्याच्या पेटीत भरून आणली. बायको चंद्राबाईनं पेटी उंबऱ्याच्या आत घेतली नाही. "बुडालेली घरं व्हय? गोठ्यात ठेवा," ती म्हणाली. गोठा कोरडा होता, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. खोऱ्यात आता त्याच्यावर कुणी शंका घेत नसे. टेकाडावरची हकिगत कोंडिबानं होडीत बसलेल्या प्रत्येकाला सांगितली होती, आणि शंका जाऊन खात्री झाली होती. दारं पूर्वीपेक्षा लवकर लागत.

बरीच वर्षं गेली. कमळाचं लग्न होऊन तिला मूल झालं, त्या साली, म्हणजे लढाई संपली त्या सुमारास, गेनू उत्रोलीला आला.

"आयीनं बोलावलंय. त्यो थेंब काडून द्या म्हनती. डोळ्यांनी दिसत न्हाई तिला आता, पर भांडं गळतीखाली ठेवल्याचा आवाज येतो."

"गेनू, तो निघत न्हाई."

"तिला सांगा."

सावळ्यानं पेटीतून चित्र काढलं, मेणकापडात गुंडाळलं आणि निघाला. रंग घ्यायला हात गेला होता; मग तो मागं घेतला. खोऱ्यातल्या वाटेवर तीन ठिकाणी कड्या लागल्या. त्यानं मोजल्या नव्हत्या, ऐकू आल्या.

साळूबाई पडवीत बसली होती. वाळलेली, लहान झालेली, डोळ्यांवर पांढरं आलेलं. बनाबाईनं "आले" म्हणून सांगितलं.

"रंग आनलेत?" साळूबाईनं विचारलं.

"न्हाई मावशी."

"मंग थेंब कसा जायाचा?"

"जात न्हाई तो. रंगात पडलेलं पानी काडता येत न्हाई. म्या तेवडंच सांगायला आलो."

आत भांड्यात एक थेंब पडला. साळूबाईनं हात पुढं केला. सावळ्यानं चित्र दिलं. तिनं ते मांडीवर घेतलं आणि बोटं त्यावरून चालवली, छपरावरून, पडवीवरून. रंग बोटाला लागत नाही, त्यामुळे तिला काही कळत नसणार. दारापाशी बोट थांबलं. तिथं कागद खरवडलेला होता. बोट त्या उभ्या चरीत वर गेलं, खाली आलं.

"हितं हाय," ती म्हणाली.

"व्हय."

आत पुन्हा थेंब पडला. तिनं कान दिला.

"रंग न्हाई आनलेत म्हनता?" तिनं पुन्हा विचारलं.

"न्हाई, मावशी."

"बरं केलंत." तिनं मांडीवरचा कागद न सोडता दुसऱ्या हातानं पाठीशी असलेलं घराचं दार ढकललं. आतली मेढ दिसली. "मंग आत या. बसा. बने, नकाशेंना गूळ-पानी दे."

सावळा वळचणीखाली वाकला आणि आत गेला.